एका जिवावर दोन नवस

गिरणा नदीकाठच्या त्या घरात मटणाची सगळ्यात जास्त आवड कोणाला होती, तर वच्छलेला. माय मसाला भाजायला बसली की ही चुलीपासून हलायची नाही. लहानपणापासून ती वडिलांच्या शेजारी बसून जेवायची; चौदा वर्षांची झाली, लग्न ठरलं, तरी ती सवय मोडली नव्हती. वडील, चुडामण पाटील, आपल्या ताटातली नळी उचलून तिच्या ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "ठोक, वच्छे." मग ती ताटाच्या काठावर नळी आपटून आतला गर काढेपर्यंत स्वतःचा घास हातात धरून बघत राहायचे. माय कमलबाई चिडायची. सासरी कोण हिला नळ्या काढून ठेवणार आहे, म्हणायची.

गाव भडगावपासून तीन कोसांवर. घरात माणसं पाच. वच्छला वडिलांना नाना म्हणायची. नानांचे थोरले भाऊ झुलाल आबा हे घराचे कर्ते. त्यांची बायको फार पूर्वी वारली होती. अठरा वर्षांचा अभिमन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. घरात आबांचा शब्द शेवटचा असे. नाना त्यांच्यासमोर खाटेवरसुद्धा बसत नसत.

१९१८ साली पावसानं डोळे वटारले आणि दसऱ्याच्या सुमारास मानमोडीच्या तापाची साथ आली. एका घरातून माणूस उचलून नेईपर्यंत शेजारच्या घरात रडणं सुरू व्हायचं. अभिमन सोमवारी कपाशीतून डोकं धरून घरी आला आणि बुधवारी गेला. त्याला नदीवर पोचवून माणसं परतली, त्याच दुपारी नाना अंथरुणाला लागले.

तिसऱ्या दिवशी नानांचे डोळे वर चढले. छाती भात्यासारखी वाजत होती. घरात सुतक होतं, तरी आबांनी शेजारून कोंबडं कापून आणलं. "सुतक-बितक मी दखसू," बघून घेईन अशा थाटात म्हणाले. भावाच्या पोटात दोन घोट गरम रस्सा जावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. वाटी वच्छलेच्या हाती देऊन ते बाहेर गेले.

भर दुपार होती. वच्छलेनं नानांची मान हातावर घेऊन वाटी ओठांना लावली. रस्सा आत गेला नाही. हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. तिनं पदरानं पुसला. पुन्हा वाटी लावली, पुन्हा ओघळला. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की रश्श्याच्या वासानं आपल्या तोंडाला पाणी सुटलंय.

बाप मांडीवर मरतोय, आणि तोंडाला पाणी!

तिला स्वतःच्या जिभेची इतकी किळस आली, की वाटी तिनं दूर सारली. नानांच्या छातीवर हात ठेवून ती बोलली, "देवा, मना नानाले उठू दे. मी परत मटणले, मच्छीले, अंडाले तोंड लावाव नही." कोणत्या देवाला सांगतोय, ते तिनं ठरवलं नव्हतं. ज्याला ऐकू जाईल तो.

तिला माहीत नव्हतं, की त्याच वेळी माय अनवाणी, मोकळ्या केसांनी गावाबाहेरच्या मरीआईपुढे डोकं टेकून पडली होती.

दुसऱ्या दिवशी नानांना दरदरून घाम फुटला. चौथ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. दिवाळी झाली तेव्हा ते भिंतीला धरून अंगणापर्यंत येत होते.

वच्छलेनं कोणालाच काही सांगितलं नाही. दुष्काळाचं साल, त्यात घरात दुःख. मटण शिजणं लांबच राहिलं. पौषात कोणी गिरणेतले मासे आणून दिले, तेव्हा तिनं पोट दुखतंय म्हणून वेळ मारून नेली. मायनं फक्त एकदा तिच्याकडे वळून पाहिलं.

माघात एका पहाटे दोघी जात्यावर बसल्या होत्या. नवसाचा बोकड द्यायचा, म्हणून मायच्या आवाजात कित्येक दिवसांनी हलकेपणा होता. "आते मंगळवारी बोकड दिसू मरीआईले. तुना नाना चालत येतीन. मी बोलेल शे."

वच्छलेचा हात खुंट्यावरच थांबला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगून टाकलं; फक्त तोंडाला पाणी सुटल्याचं तेवढं सांगितलं नाही.

मायचा चेहरा पिठासारखा झाला. "देवीले मी काय बोलनी व्हती, माहीत शे का तुले? बोकड दिसू, आनि मना घरना बठ्ठा तोंडे तेना परसाद खातीन. मी तोंडे मोजीसन बोलेल शे, वच्छे. अभिमन गया व्हता. तेले सोडीसन चार तोंडे."

"मी बी बोलेल शे, माय."

"तू पोर. तुना नवस कोन धरस?"

"नाना उठनात ना?"

"तेस्ले मना नवसनी उठाडं!"

मायनं सूर बदलला. एक दिवस खा, एक घास खा, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सोड. मी कोणाला कळू देणार नाही. वच्छला म्हणाली, एक दिवस खाल्लं तरी मोडलंच ना. मग माय सासरच्या गोष्टीवर आली. सासरचे लोक म्हणतील, पोरीच्या अंगात काहीतरी आहे. चांगलं जमलेलं स्थळ हातचं जाईल. वच्छलेनं मान खाली घातली. पण हो म्हटलं नाही. मायनं दळण अर्धं टाकलं आणि उठली. त्या दिवसापासून तिनं पोरीशी बोलणं सोडलं. आणि भीती एकटीला पेलवेना, म्हणून दोन दिवसांनी तिनं आबांच्या कानावर घातलं.

आबांनी वच्छलेला गोठ्यात बोलावलं. ते दावं वळत बसले होते. ओरडतील असं तिला वाटलं होतं. पण ते खाली बघतच बोलू लागले.

"अभिमन जलमना तवय मी बोकड बोलनू व्हतू. आज दिसू, सकाय दिसू. कवय बैल लेवाना व्हता, कवय विहीर खंदानी व्हती. अठरा वरीस." त्यांनी दाव्याला पीळ दिला. "देवीनी अठरा वरीस वाट दखी. मंग ती स्वता लेवाले उनी."

न दिलेल्या बोकडापायी देवीनं पोरगाच नेला, असं आबांच्या मनानं घेतलं होतं. अभिमनबद्दल आबा घरात एक अक्षरही बोलले नव्हते.

"मना आंडोर गया," आबा म्हणाले. "आते भाऊले मी जाऊ देवाव नही. तू सुखमा खाशी तं सुखमा. नही तं मी तोंड धरीसन चारसू. आनि चुडामणले यामधलं काही सांगू नको. तेना जीवले आते घोर नको."

जाऊन नानांनाच विचारावं असं तिच्या मनात दहा वेळा आलं. पण नाना काठी टेकत ओट्यावर यायचे, चार पावलांनी धापा टाकायचे, आणि तिची जीभ उचलायची नाही. मंगळवारपर्यंतचे दिवस तिनं स्वतःशीच भांडण्यात काढले. घास तोंडात धरायचा आणि गिळायचा नाही, असं केलं तर? हळूच ओच्यात टाकला तर? पण मायचा नवस असा खोटा करायला ती धजेना आणि आपला मोडायलाही. आदल्या दिवशी ती एकटीच मरीआईला जाऊन आली. शेंदराच्या दगडासमोर बराच वेळ उभी राहिली. देवीनं उजवा कौल दिला नाही, डावाही नाही.

मंगळवारी सकाळी बोकड दिला. नाल्यापलीकडच्या निंबांखाली हंडे चढले. भाऊबंदांची पन्नासेक माणसं होती. आधी बाप्ये जेवले, मग बायकांची पंगत बसली. वच्छला शेवटच्या टोकाला बसली होती. पळसाच्या पत्रावळीवर भाकरी आली, रस्सा आला. तिनं हात मांडीवरच ठेवले. माय तिच्या शेजारी येऊन बसली आणि ओठ न हलवता म्हणाली, "खाय." थोड्या अंतरावर आबा उभे होते. ते दुसरीकडे पाहत नव्हतेच.

तेवढ्यात नाना काठी टेकत आले. अंगावर घोंगडी होती आणि हातात पळसाचं एक पान. पानावर नळी. बायकांच्या पंगतीत असं यायची रीत नव्हती. पण आजारातून उठलेल्या माणसाला कोण काय बोलणार? बायका पदर सावरून हसल्या. नाना तिच्यासमोर वाकले.

"ठोक, वच्छे," ते म्हणाले. "किती महिना झायात."

तिनं हात पुढे केला नाही. नाना पान धरून तसेच थांबले. पान हलत होतं. आधी तिला वाटलं, अशक्तपणानं हात थरथरतोय. मग नानांचे दात एकमेकांवर आपटू लागले. नळी पानावरून धुळीत पडली आणि नाना मटकन खाली बसले. अंग हुडहुडत होतं.

"दखं!" आबा पुढे आले. "दखं का? आजून घास नही लिधा, आनि देवीनी धरं तेले!"

पंगत उठली. कोणी घोंगड्या आणायला धावलं, कोणी देवीचा अंगारा. मायनं भाकरी रश्श्यात बुडवली आणि तो घास वच्छलेच्या तोंडापाशी आणला. दुसऱ्या हातानं तिची मान धरली होती. मायच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. रस्सा वच्छलेच्या ओठांना लागला.

"माय," ओठ मिटत, तोंड फिरवत ती कशीबशी बोलली, "मी खादं, आनि नाना गयात, तं तू माले घरमा ठेवशी का?"

मायचा हात हवेतच राहिला. रस्सा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेला.

"आनि नही खादं, आनि गया तं?" आबा ओरडले.

निंबाखाली नानांच्या दातांचा आवाज तेवढा येत होता.

"कोनी सांगा माले," नाना म्हणाले. "काय शे हाई?"

आबांनी हात वर केला, पण वच्छला आता थांबली नाही. मांडीवरचं त्यांचं डोकं, हनुवटीवरून ओघळणारा रस्सा, आपला शब्द, मायचा शब्द, तिनं सगळं सांगितलं. आणि या वेळी तोंडाला पाणी सुटल्याचंही सांगितलं. पन्नास माणसांसमोर.

नाना तिच्याकडे पाहत राहिले. "मनाकरता सोडं?"

"हा."

"नळी बी?"

"हा, नाना."

नानांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. बोलताना शब्द तुटत होते. "भाऊ," ते आबांना म्हणाले, "जीव मना शे. तेनाकरता बोकड दिधा, तो देवीले पोचना. आनि तेनाकरता पोरनी तोंड बांधं. ते मी सोडू देवाव नही. मरनू तं मरनू." जन्मात पहिल्यांदा ते थोरल्या भावाच्या डोळ्यांत बघून बोलत होते. मग मायकडे वळून म्हणाले, "देवीपुढलं खोबरं दे तिले. तो बी परसादच शे."

आबांनी हातातलं पाण्याचं भांडं जमिनीवर आपटलं आणि ते नाल्याच्या वाटेनं चालू लागले. मायनं खोबऱ्याचा तुकडा आणून दिला. देताना पोरीकडे पाहिलं नाही.

नानांना गाडीत घालून घरी आणलं. संध्याकाळी ताप उतरला. बुधवारी ते बरे होते. गुरुवारी दुपारी पुन्हा थंडी भरली, आणि या वेळी बोलणं असंबद्ध झालं. डोळे वर चढले, अगदी आश्विनात चढले होते तसे. भाऊबंदांपैकी कोणीतरी भडगावच्या टपाल कचेरीतून तापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणायला गेलं होतं, ते अजून आलं नव्हतं. आबा ओट्यावर पाठ करून बसले होते. ज्या ओट्यावरून अभिमनला उचललं होतं, तोच ओटा.

वच्छलेचा धीर तिथं सुटला. निंबाखाली माणसांसमोर जे बळ आलं होतं, ते आता शोधूनही सापडेना. ती उठून चुलीपाशी गेली.

"माय, सुकट शे का घरमा?"

माय वळली.

"दे. खास मी. आत्तेच दे."

मायनं फळीवरचं गाडगं काढलं. झाकण उघडलं. सुकटीचा वास घरभर पसरला. वच्छलेनं दोन्ही हात पुढे केले. माय गाडगं धरून उभी राहिली. मग तिनं झाकण लावलं.

"नको," ती म्हणाली.

"माय!"

"तू इचारं ना माले? मी खादं आनि नाना गयात तं? तवयपासून मना डोकामा तेच शे. आते माले बी भ्याव वाटस." तिनं गाडगं फळीवर पार मागे सरकवलं. "काही नको करू. बस तेस्ना जोडे. चाल, मी बी येस."

दोघी नानांच्या दोन बाजूंना बसल्या. पुड्या आल्या. गुळात घालून नानांना दिल्या. शनिवारी थंडी भरली, पण कमी. सोमवारी नुसतं अंग मोडून आलं. बुधवारी काहीच झालं नाही. पुड्या घेऊन आलेला माणूस म्हणाला, हा साधा हिवताप आहे, सध्या अर्ध्या तालुक्याला आहे. मायनं त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण त्या बुधवारी तिनं वांग्याची भाजी केली आणि सगळ्यात आधी वच्छलेला वाढली.

आबांनी मात्र त्या दिवसापासून वच्छलेच्या हातचं अन्न टाकलं. ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि स्वतःची भाकरी स्वतः थापू लागले. त्या वाकड्यातिकड्या, कडेला जळक्या भाकऱ्या पाहून वच्छलेचं काळीज तुटायचं. एकदा तिनं गुपचूप चांगली भाकरी त्यांच्या ताटात ठेवली. आबांनी ती उचलून बैलापुढे टाकली. "तुले मी वाईट नही म्हनत," ते म्हणाले. "पन मी एकदा फसेल शे." ती सासरी गेल्यावर ते पुन्हा मायच्या चुलीवर जेवू लागले. पुढं आठ वर्षं जगले. माहेरी ती कितीदा आली-गेली, पण तिच्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

लग्न वैशाखात होतं. होळीनंतर नाना अंगात थोडं बळ येताच गाडी जुंपून एकटे पाचोऱ्याकडं निघाले. माय म्हणाली होती, लग्नाआधी सांगू नका, एकदा अक्षता पडू द्या. नानांनी ऐकलं नाही. वच्छलेचे होणारे सासरे निंबा पाटील खळ्यात होते. नानांनी राम राम करून, पाणीही न पिता सांगितलं, "आमनी पोर मटण खात नही. आनि पुढे बी खावाव नही. मनाकरता सोडेल शे. तुमले चालत नसी तं आज सांगा, मी राग मानाव नही."

निंबा पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "रांधी देई ना?"

"रांधी देई."

"चांगलं रांधस?"

"तिना हातनं खाशात तं बोटे चाटशात."

"मंग तिना वाटानं आम्ही खाऊत," निंबा पाटील म्हणाले आणि पाणी आणायला हाक मारली.

नाना घरी येऊन हे सांगताना इतके हसले, की त्यांना ठसका लागला. माय हसली नाही. पण रुखवताच्या डब्यांबरोबर तिनं एक छोटं पातेलं वेगळं बांधून दिलं आणि वच्छलेला बजावलं, की तुझी भाजी यातच करायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

सासर बरं मिळालं. नवरा, कौतिक, फार बोलका नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच शिकारीला त्यानं ससा आणला, वच्छलेनं तो शिजवला आणि मीठ बघायला वाटी त्याच्यापुढे धरली. पुढं सगळं आयुष्यभर मिठाची चव तोच घ्यायचा. सासूनं वर्षभर टोमणे मारले. पहिल्या बाळंतपणात पायाचा रस्सा पाजायचा म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. वच्छलेनं मेथी आणि डिंकावर दिवस काढले. मुलगा धडधाकट निघाला, तेव्हा सासूनंही तो विषय सोडला. तिचा रस्सा भाऊबंदांत नावाजला गेला. लग्नकार्यात हंड्यापाशी तिलाच बोलवायचे.

नाना त्यानंतर सोळा वर्षं जगले. १९३५ च्या उन्हाळ्यात, साठी ओलांडल्यावर, शेतातून येऊन पाणी पिऊन आडवे झाले आणि उठले नाहीत. वच्छला तेव्हा तीस-एकतीस वर्षांची, तीन मुलांची आई होती.

सुतक फिटल्यावर भाऊबंदांनी रिवाजाप्रमाणे मटणाचं तिखट जेवण केलं. पाहुणे जेवून गेले. मागच्या पडवीत दोघी मायलेकी उरल्या. मायनं एक वाटी आणून वच्छलेपुढे ठेवली. रश्श्यात नळी होती.

"आते तेस्ना जीवच नही," माय म्हणाली. "फिटनं तुनं. खाय."

वच्छलेनं वाटीकडे पाहिलं. तोंडाला पाणी सुटलं. इतक्या वर्षांत ते कधी सुटायचं थांबलं नव्हतं. रोज दुसऱ्यांसाठी शिजवताना सुटायचं आणि ती ते गिळून टाकायची. तिनं तसंच सांगितलं.

"मन तं व्हस, माय."

"मंग?"

"तेस्ले सोळा वरीस मियनात. माले आते परत काय लेवानं शे?"

कपाळ मोकळं झालेली माय एकदम लहान दिसत होती. मग तिनं वाटी उचलली, अंगणात खेळणाऱ्या थोरल्या नातवाला हाक मारून त्याच्या हातात दिली, आणि चुलीत दोन वांगी भाजायला टाकली.